कांदा खिशात नको, ताटात हवा

प्रश्न : आमचे घर शेतकऱ्याचे. दोन्ही जेवणांना कच्चा कांदा लागतोच. आजोबांच्या मते निम्मे आजार कांद्यानेच पळतात. शहरात शिकणारी मुलगी मात्र विचारते, याला काही आधार आहे का? कांद्याने शरीरात नेमके काय होते? – एक वाचक, निफाड

मुलीने योग्य प्रश्न विचारला आहे, आणि आजोबाही पूर्णपणे चुकीचे नाहीत. आधी कांद्यात काय नाही ते पाहू. मध्यम आकाराचा, साधारण १०० ग्रॅमचा कांदा घेतला तर त्यात ८९ ग्रॅम पाणीच असते. उरलेल्यात ९ ग्रॅम कर्बोदके, जेमतेम १ ग्रॅम प्रथिने आणि पावणेदोन ग्रॅमच्या आसपास तंतुमय पदार्थ. उष्मांक ४०. क जीवनसत्त्व सुमारे ७ मिलिग्रॅम, म्हणजे प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या गरजेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पेरूची एक फोड खाल्ली तरी त्याहून जास्त मिळते. नेहमीच्या पोषणमूल्यांच्या तक्त्यात शोधाल तर कांदा अगदी साधा दिसेल.

त्याचे खरे बळ त्या तक्त्यात सहसा न छापल्या जाणाऱ्या तीन गोष्टींत आहे. पहिली, गंधकयुक्त संयुगे. कांद्याचा वास, तिखटपणा आणि डोळ्यांतले पाणी यांच्यामुळेच. दुसरी, क्वेर्सेटिन नावाचे फ्लॅव्होनॉइड. ते शरीरातला दाह आणि पेशींची झीज कमी करण्यास मदत करते, असे प्रयोगशाळेत दिसते. तिसरी, फ्रुक्टन जातीचे तंतू. ते आपल्याला पचत नाहीत, पण मोठ्या आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंना ते फार मानवतात.

क्वेर्सेटिन सफरचंदात आणि चहातही असते. मग कांद्याचे विशेष काय? तर ते शरीरात किती शोषले जाते हे. १९९५ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हे मोजले. कांद्यातून मिळालेल्या क्वेर्सेटिनपैकी निम्म्याहून थोडे जास्त, ५२ टक्के, शोषले गेले. तेच शुद्ध रूपात दिले तेव्हा २४ टक्केच. कांद्यात हा घटक ग्लुकोजच्या रेणूला जोडलेला असतो आणि त्यामुळे लहान आतड्यातून आत जाणे त्याला सोपे जाते. घटक अन्नात नुसता असून भागत नाही, तो रक्तात पोचावा लागतो. कांदा इथे उजवा ठरतो.

आता माणसांवरचे पुरावे. त्यातला एक आपल्या पुण्यातला आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. डॉ. जी. एस. सैनानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये जैन समाजातल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निवड हुशारीची होती. सगळे शाकाहारी, राहणी आणि आहार बराचसा सारखा, फरक मुख्यतः कांदा-लसणाचा. एका गटातले लोक आठवड्याला ६०० ग्रॅम किंवा अधिक कांदा आणि ५० ग्रॅम लसूण खाणारे, दुसऱ्यातले थोडा खाणारे, तिसऱ्यातल्यांनी जन्मात कांदा-लसूण न चाखलेला. उपाशीपोटी रक्तातले कोलेस्टेरॉल अनुक्रमे १५९, १७२ आणि २०८ भरले. ट्रायग्लिसराइडचा क्रमही तसाच होता. आकडे बोलके आहेत, पण ते जपून वाचायला हवेत. एक म्हणजे इथे कांदा आणि लसूण बरोबर आहेत, श्रेय कोणाला किती हे वेगळे काढता येत नाही. दुसरे, जे कांदा-लसूण खात होते त्यांच्या इतर सवयीही थोड्या वेगळ्या असू शकतात.

परदेशातले निष्कर्षही त्याच दिशेचे आहेत. नेदरलँड्समधल्या झुटफेन गावातल्या ८०५ वयस्कर पुरुषांचा अभ्यास १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. चहा, कांदा आणि सफरचंद यांतून जास्त फ्लॅव्होनॉइड मिळवणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होते. त्याच देशात १,२०,००० हून अधिक लोकांवर लक्ष ठेवून झालेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, रोज अर्धा किंवा अधिक कांदा खाणाऱ्यांना जठराच्या कर्करोगाचा धोका कांदा न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे निम्मा आढळला. हे दोन्ही निरीक्षणाचे अभ्यास आहेत. कांदा खाणारे लोक भाज्याही जास्त खात असतील, ही शक्यता गणिताने कमी करता येते, पुरती पुसता येत नाही.

प्रत्यक्ष देऊन पाहिलेले प्रयोग थोडे आहेत आणि त्यांचा परिणाम माफक आहे. जर्मनीत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कांद्याच्या सालीचा अर्क दिला गेला, रोज १६२ मिलिग्रॅम क्वेर्सेटिन मिळेल एवढा. उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा दाब सरासरी ३.६ अंकांनी उतरला. एवढे क्वेर्सेटिन कांदा खाऊनच मिळवायचे तर रोज सुमारे अर्धा किलो लाल कांदा खावा लागेल. सुदानमधल्या एका लहान प्रयोगात १०० ग्रॅम कच्च्या कांद्याने मधुमेही रुग्णांची साखर काही तासांत कमी झालेली दिसली, पण औषधाच्या गोळीने झाली त्याहून बरीच कमी. म्हणून रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी बंद करून कांद्यावर विसंबणे धोक्याचे आहे, हे मी जितके ठासून सांगू शकतो तितके सांगतो. गोळी चालू ठेवा, कांदाही चालू ठेवा.

तेव्हा मुलीला सांगा : कांदा रोग पळवत नाही. पण वर्षानुवर्षे रोज थोडा खाल्लेला कांदा हृदयाला आणि आतड्याला मदत करत असावा, असे मानायला चांगला आधार आहे. शिवाय तो स्वस्त आहे, बाराही महिने मिळतो आणि साध्या डाळीला किंवा पिठल्याला चव आणतो. चव आली की घरातली माणसे डाळ-भाजी पोटभर खातात. या फायद्याचा अभ्यास कोणी केला नसेल, पण स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे.

प्रश्न : शेतावर भाकरीबरोबर कांदा बुक्कीने फोडून खातात. चिरलेल्यापेक्षा तो जास्त गुणकारी असतो का? आणि भाकरी-कांद्याच्या जोडीत काही विशेष आहे का? – एक वाचक, मंगळवेढा

जोडीत विशेष आहे, आणि ते आधी सांगतो. आपल्या ज्वारी-बाजरीत लोह चांगले असते, पण त्याचबरोबर फायटिक आम्लही असते. ते लोह आणि जस्त धरून ठेवते आणि आतड्यातून आत जाऊ देत नाही. भाकरी खाऊनही अंगात रक्त कमी राहण्याची जी अनेक कारणे आहेत, त्यातले हे एक. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये एक काम प्रसिद्ध केले. तृणधान्ये आणि कडधान्ये यांच्यात कांदा आणि लसूण मिसळून, पोटात होते तशी पचनक्रिया प्रयोगशाळेत घडवली आणि किती लोह, किती जस्त शोषणासाठी मोकळे होते ते मोजले. कांदा-लसणाच्या सोबतीने दोन्हींचे प्रमाण वाढले. लोहाच्या बाबतीत ही वाढ तृणधान्यांमध्ये सुमारे ९ टक्क्यांपासून ६५ टक्क्यांपर्यंत होती. गंधकयुक्त घटक खनिजांना विरघळलेल्या अवस्थेत धरून ठेवत असावेत, असा त्याचा अर्थ लावला जातो.

हा प्रयोग नळीतला होता, माणसाच्या पोटातला नव्हे, त्यामुळे रक्तातले हिमोग्लोबिन किती वाढेल हे त्यावरून सांगता येत नाही. तरीही मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्या घरात मांस-मासे परवडत नाहीत, तिथे लोह मिळते ते धान्य-डाळीतूनच. त्या घरातल्या बाईच्या ताटात भाकरीसोबत कांदा असणे आणि वर लिंबाची फोड पिळणे, या दोन गोष्टी लोह शोषायला उपयोगी आहेत. लिंबातल्या क जीवनसत्त्वाचा उपयोग तर पक्का सिद्ध झालेला आहे. उलट जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर लोह अडते. आपल्याकडे शेतावर भाकरी खाऊन लगेच चहा घ्यायची सवय आहे. तो चहा तासभर पुढे ढकलता आला तर अवश्य ढकला.

आता बुक्कीचे. अख्ख्या कांद्याला वास नसतो. गंधकाचे मूळ घटक पेशीत एका कप्प्यात आणि त्यांचे रूपांतर करणारे विकर दुसऱ्या कप्प्यात, असे ते वेगळे ठेवलेले असतात. पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात आणि क्षणात नवी संयुगे तयार होतात. डोळ्यांना झोंबणारा वायूही तेव्हाच बनतो. तो बनवणारे वेगळे विकर जपानमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये शोधून काढले. त्याआधी हे काम एकच विकर करते असे मानले जात होते. जितक्या जास्त पेशी फुटतील तितकी ही क्रिया जास्त होते. बारीक चिरणे, ठेचणे किंवा बुक्कीने फोडणे, सगळ्यांत हेच घडते. सुरीने जाड चकत्या केल्या तर पेशी कमी फुटतात, आणि उरलेले काम तुमचे दात करतात. त्यामुळे बुक्कीचा कांदा चिरलेल्यापेक्षा गुणाने फार वरचढ असतो असे नाही. फोडलेल्या कांद्याच्या पाकळ्या सुट्या होतात आणि आतला कोवळा गाभा हाताशी येतो, हा त्यातला आनंद. कांदा चिरताना डोळ्यांना त्रास होत असेल तर तो अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, गारव्याने विकर मंदावते. सुरीही धारदार घ्या, बोथट सुरीने पेशी जास्त चेंगरतात.

प्रश्न : अलिबागचा पांढरा कांदा औषधी असतो, लाल कांदा तसा नाही, असे सांगतात. कोणता घ्यावा? कच्चा खावा की शिजवून? – एक वाचक, ठाणे

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची माळ, त्याचा गोडवा आणि कमी तिखटपणा याबद्दल त्याचे जेवढे कौतुक होते तेवढे रास्तच आहे. ज्यांना लाल कांद्याचा झणका सोसत नाही ते हा कांदा कच्चा सहज खाऊ शकतात. पण क्वेर्सेटिनच्या हिशोबात पांढरे कांदे मागे पडतात, त्यांच्यात ते जवळजवळ नसतेच. लाल आणि पिवळसर कांद्यात ते भरपूर असते. लाल कांद्याला रंग देणारी अँथोसायनिन त्यात आणखी भर घालतात. लासलगावच्या बाजारात येणारा खरिपाचा लाल, त्यामागून येणारा रांगडा आणि मग उन्हाळ, यांतला कोणताही चालेल. चव आवडते म्हणून पांढरा घ्या, तो औषध आहे म्हणून दुप्पट भाव देऊ नका.

सोलताना मात्र हात आखडा. हे घटक कांद्याच्या बाहेरच्या पाकळ्यांत सर्वाधिक आणि गाभ्याकडे जाताना कमी होत जातात. घाईत कोरड्या सालीबरोबर बाहेरची एक जाड रसरशीत पाकळीही आपण टाकतो, तिथे मोठा वाटा जातो. कागदासारखी साल तेवढीच काढा.

शिजवल्याने दोन वेगळ्या गोष्टी होतात. उष्णतेने विकर निकामी होते, म्हणून गंधकाची तिखट संयुगे बनायची थांबतात आणि कांदा गोड लागतो. क्वेर्सेटिन मात्र उष्णतेला बरेच टिकाऊ आहे. उकळले तर ते पाण्यात उतरते, म्हणजे रस्सा किंवा सार खाल्ले तर वाया जात नाही. पाणी फेकून दिले तर जाते. परतल्याने थोडे कमी होते, तपकिरी-काळा होईपर्यंत तळल्याने बरेच. कांदाभजी आवडीने खा, पण आरोग्याच्या खात्यात ती मांडू नका. तळणीचे तेल कांद्याच्या फायद्याहून जड पडते. रोजच्यासाठी अर्धा-एक कांदा कच्चा, कोशिंबिरीत किंवा तोंडी लावायला, आणि उरलेला भाजी-आमटीत, एवढे पुरे.

प्रश्न : उन्हात जाताना खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे खरे का? – एक वाचक, अकोला

नाही. खिशातला अख्खा कांदा शरीराची उष्णता ओढून घेऊ शकत नाही. त्याच्या पेशी फुटलेल्या नसतात, त्यातून बाहेर काही येत नाही आणि तुमच्या अंगातून आत काही जात नाही. तळपायाला कांदा चोळणे किंवा मोज्यात चकत्या ठेवणे, याचीही गत तीच.

हा समज टिकला त्याचे कारण समजण्यासारखे आहे. खिशात कांदा ठेवणारा माणूस सावध असतो. तो डोक्याला उपरणे गुंडाळतो, भर दुपार टाळतो, ताक पिऊन निघतो. त्या सगळ्याचे श्रेय कांद्याला जाते. मला काळजी वाटते ती उलट्या बाजूची. कांदा खिशात आहे या भरवशावर कोणी दुपारी दोन वाजता विदर्भातल्या उन्हात पाणी न पिता काम करत राहील, आणि दरवर्षी उन्हाने माणसे जातात ती अशाच बेफिकिरीने.

कच्चा कांदा खाल्ल्याने उन्हाळ्यात थोडे पाणी आणि पोटॅशियम मिळते. १०० ग्रॅममध्ये सुमारे १४६ मिलिग्रॅम पोटॅशियम असते. घामातून जाते ते मुख्यतः पाणी आणि मीठ, आणि कांद्यात सोडियम नगण्य असते. म्हणून मीठ घातलेले ताक, गूळ-मीठ घातलेले कैरीचे पन्हे, लिंबू सरबत किंवा जलसंजीवनी, हे उन्हावरचे खरे उपाय. कांदा त्यांच्या जोडीला ताटात असू द्या. आणि कोणी उन्हात बरळू लागले, तोल जाऊ लागला, अंग भट्टीसारखे तापले तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि दवाखाना गाठा. नाकाशी कांदा धरण्यात मिनिटे घालवू नका. त्या वेळी प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

प्रश्न : चिरून ठेवलेला कांदा हवेतले जंतू शोषतो आणि विषारी होतो, असा संदेश मोबाइलवर सारखा येतो. कांद्यावरची काळी पूडही घातक बुरशी असते म्हणे. – एक वाचक, नाशिक

कांदा हवेतून जंतू ओढून घेत नाही. तशी ओढ कुठल्याच भाजीला नसते. चिरलेल्या पृष्ठभागावर जंतू येतात ते हातातून, सुरीतून, पाटावरून. कापलेले टोमॅटो, काकडी, कलिंगड यांना जो नियम तोच कांद्याला. स्वच्छ सुरीने चिरा, झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. फ्रिज नसेल तर लागेल तेवढाच चिरा. हातगाडीवर सकाळपासून उघडा पडलेला, माश्या बसलेला कांदा टाळा. तो विषारी झाला म्हणून नव्हे, तो अस्वच्छ झाला म्हणून. कांद्यावरून जंतू पसरूच शकत नाहीत असेही नाही. २०२० मध्ये अमेरिकेत लाल कांद्यातून साल्मोनेला पसरून एक हजाराहून जास्त लोक आजारी पडले. दूषित माल घरी आला तर चिरण्याआधीच जंतू त्यावर असतात. म्हणून सोलण्याआधी कांदा आणि हात दोन्ही धुणे बरे.

काळी पूड ही ॲस्परजिलस नायजर नावाची बुरशी. चाळीत किंवा पोत्यात दमट हवा कोंडली की ती सालीवर येते. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची साथ आली तेव्हा हीच ती बुरशी, अशी अफवा उठली होती. ते खोटे होते, म्युकरमायकोसिस वेगळ्याच बुरश्यांमुळे होतो. पूड नुसती सालीवर असेल तर वाहत्या पाण्याखाली धुऊन ती साल आणि लगतची पाकळी काढून टाका. आतपर्यंत काळे गेले असेल, कांदा मऊ पडला असेल किंवा कुबट वास येत असेल तर टाकून द्या. दम्याच्या रुग्णाने असे कांदे कोरडे झटकू नयेत, ती पूड श्वासात जाते.

प्रश्न : कांद्याच्या रसाने केस उगवतात का? – एक वाचक, पुणे

एका विशिष्ट बाबतीत थोडा आधार आहे. इराकमध्ये २००२ मध्ये ३८ जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना चाई पडली होती, म्हणजे डोक्यावर गोल चट्ट्यात केस गेले होते. २३ जणांनी दिवसातून दोनदा कच्च्या कांद्याचा रस लावला, बाकीच्यांनी साधे पाणी. सहा आठवड्यांनी रस लावणाऱ्यांपैकी २० जणांना केस उगवले, पाणी लावणाऱ्यांपैकी आठ आठवड्यांनीही दोघांनाच. निकाल ठळक आहे, पण प्रयोग लहान आहे आणि चाई बऱ्याचदा आपोआपही भरून येते. वयाने, आनुवंशिकतेने किंवा बाळंतपणानंतर गळणारे केस ही वेगळी बाब आहे. तिथे या प्रयोगाचा दाखला देऊन विकली जाणारी महागडी तेले तुमच्या पैशाला न्याय देत नाहीत. घरी रस लावायचाच असेल तर आधी कानामागे थोडा लावून पाहा, कातडी लाल झाली तर थांबा.

प्रश्न : मला पित्ताचा त्रास आहे. पोटात गुबाराही धरतो. कांदा सोडू का? वडील रक्त पातळ करणारी गोळी घेतात, त्यांना चालेल का? – एक वाचक, बेळगाव

चरकसंहितेत पलांडूचे, म्हणजे कांद्याचे, वर्णन आहे. तो वात शमवणारा, बल देणारा, रुची आणणारा, पण पचायला जड आणि पित्त न शमवणारा, असे त्यात म्हटले आहे. १९९० मध्ये अमेरिकेत तपासले तेव्हा जळजळीचा त्रास असलेल्यांच्या अन्ननलिकेत कच्च्या कांद्यासहित जेवणानंतर आम्ल अधिक वेळा वर आले. ज्यांना मुळात त्रास नव्हता त्यांच्यात तसा फरक पडला नाही. म्हणजे तुम्हाला जळजळ होत असेल तर कच्चा कांदा, विशेषतः रात्रीच्या जेवणात, बंद करून पाहा. शिजवलेला बहुतेकांना चालतो.

गुबाऱ्याचे कारण वेगळे. वर फ्रुक्टन सांगितले, तेच. ज्यांचे आतडे नाजूक आहे त्यांच्या पोटात जिवाणू हे तंतू आंबवतात तेव्हा वायू साठतो, पोट फुगते, दुखते. हे शिजवल्याने जात नाही. इथे एक उपाय फार कामाचा आहे. फ्रुक्टन पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून कांद्याच्या मोठ्या फोडी तेलात परतून काढून टाका आणि त्याच तेलात फोडणी करा. चव उतरते, त्रास उतरत नाही. मात्र पाणी किंवा रस्सा घालण्याआधी फोडी निघाल्या पाहिजेत. पातीच्या कांद्याचा हिरवा भागही अशा लोकांना सहसा सोसतो, पांढरा गड्डा नाही.

वडिलांची गोळी वॉरफेरिन किंवा त्या जातीची असेल तर नेहमीचा कांदा चिंतेचा नाही, त्यात के जीवनसत्त्व अगदीच कमी असते. कांद्याची हिरवी पात मात्र या बाबतीत वेगळी. तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २०० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व असते आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करते. पीठ पेरून केलेली पातीची भाजी एकदम वाटीभर खाल्ली आणि मग महिनाभर नाही, असे झाले की रक्ताची तपासणी वर-खाली होते. पात बंद करायची गरज नाही, प्रमाण सारखे ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर कांदा-लसणाच्या कॅप्सूल आधीच थांबवा. जेवणातल्या कांद्याबद्दल नव्हे, कॅप्सूलबद्दल बोलतो आहे.

प्रश्न : कांदेनवमीला पोटभर कांदा खाऊन आम्ही कार्तिकी एकादशीपर्यंत तो सोडतो. या चार महिन्यांत शरीराचे नुकसान होते का? – एक वाचक, पंढरपूर

होत नाही. कांद्यात असा एकही घटक नाही की जो दुसरीकडे मिळत नाही आणि ज्याच्यावाचून शरीर अडते. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संग या चिनी प्रवाशाने लिहून ठेवले आहे की इथे कांदा-लसूण फार थोडे लोक खातात आणि खाणाऱ्याला गावाबाहेर राहावे लागते. तेव्हाही लोक धडधाकट जगत होते. पुण्यातल्या ज्या अभ्यासाचा उल्लेख वर आला, त्यातले कांदा न खाणारे काही आजारी नव्हते. त्यांच्या कोलेस्टेरॉलचा आकडा तुलनेने वर होता, एवढेच.

व्रत श्रद्धेने करता, ते तसेच करा. चार महिने कांद्याच्या जागी काय घ्यायचे तेवढे पाहा. लोह शोषायला लिंबू, आवळा किंवा पेरू. तंतूंसाठी पालेभाज्या, मूग-मटकी, आणि श्रावणात मिळणाऱ्या रानभाज्या. चवीला हिंग, आले, खोबरे, जिरे. उपवासाच्या दिवशी साबुदाणा आणि तळलेले वेफर्स यांचा मारा टाळा, खरे नुकसान तिथे होते. भगर, रताळे, राजगिरा, ताक बरे.

एक सूचना कार्तिकासाठी. चार महिने आतड्याला फ्रुक्टनची सवय नसते. एकादशी सुटल्यावर पहिल्याच दिवशी दोन कच्चे कांदे खाल्ले तर पोट फुगण्याची शक्यता मोठी. पहिले दोन-तीन दिवस आमटीत किंवा भाजीत शिजवलेला थोडा कांदा घ्या, मग कोशिंबिरीत, आणि आठवड्याभराने भाकरीबरोबर हवा तेवढा.